दोन तारे आणि गायब झालेला फर्मा

डबलबेल (धागाकर्ता)

मंडळी, रामराम.

इथं चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एसटीत वाहक होतो, एकतीस वर्षं. निवृत्तीनंतर सगळे म्हणाले, आता आराम करा. दोन महिने केला. मग वही घेऊन बसलो आणि वस्तीच्या गाडीवर काढलेल्या रात्री लिहीत गेलो. शेवटचा थांबा, देवळाची ओसरी, डास, कुणाच्या तरी घरनं आलेली भाकरी, पहाटे साडेपाचला काचेवर टकटक करणारी माणसं. २०८ पानं झाली. दोन प्रकाशकांना पाठवलं. एकाकडनं साभार परत आलं, दुसऱ्याकडनं तेसुद्धा आलं नाही. मग फंडातले साठेक हजार काढले आणि स्वतःच छापलं. पाचशे प्रती. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर म्हणाल जाहिरातीला आलाय.

विठ्ठलाच्या देवळात प्रकाशन झालं. पेढे वाटले. त्यानंतर निम्म्या प्रती 'सप्रेम भेट' लिहून गेल्या, काही विकल्या. भेटेल तो म्हणायचा, "मास्तर, वाचलं. लई भारी लिवलंय." व्हॉट्सॲपवर हात जोडलेले, अंगठे, गुलाबाची फुलं. एका रात्री बसून अंगठे मोजले (हसू नका), दीडशेच्या वर भरले.

एका ऑनलाइन दुकानात चाळीस प्रती ठेवल्या होत्या. तिथं चार महिने एकच अभिप्राय. पाच तारे, "मामा ग्रेट." तो भाच्याचा. मागच्या आठवड्यात दुसरा आला. दोन तारे. लिहिणारी बाई ना ओळखीची ना गावची. जसाच्या तसा देतो:

"पान ११२ नंतर पुन्हा ९७ येतं. ११३ ते १२८ पुस्तकात नाहीतच. कोंबडीवाल्या म्हातारीला घाटात उतरवलं की नाही ते कळलं नाही. भाषा चांगली आहे, पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी उपदेश कशाला?"

पहिल्यांदा राग आला. उठून माझी प्रत बघितली, ती बरोबर. मग माळ्यावरनं गठ्ठे खाली घेतले आणि एकेक प्रत उघडून बघायला लागलो. रात्री दीड वाजला. घरात १४२ प्रती होत्या, त्यातल्या ५१ तशाच निघाल्या. म्हणजे बाहेर गेलेल्यांतही शंभराच्या आसपास असणार. शंभर माणसांच्या हातात सोळा पानं नसलेलं पुस्तक, आणि चार महिन्यांत एकानंही मला म्हटलं नाही की मास्तर, म्हातारी कुठं गेली?

त्या रात्री झोप लागली नाही ती छपाईच्या चुकीमुळं नाही.

आता मुलगा म्हणतो, दुकानाला कळवून तो अभिप्राय काढायला लावू, नाहीतर पंचवीस जणांना पाच-पाच तारे द्यायला सांगू, खाली जाईल. मला काहीच सुचत नाही. तुमच्यात लिहिणारे आहेत, वाचणारे आहेत. काय करावं?

मुक्कामपोस्ट

रामराम मास्तर. बाकीचं नंतर. आधी सांगा, म्हातारी उतरली का?

खवट

स्वखर्चानं छापणाऱ्यांचा एक ठरलेला मार्ग असतो. आधी पेढे, मग अंगठे, मग 'मराठी वाचक मेला' असा धागा. तुम्ही तिसऱ्या पायरीवर थोडे वेगळे वळलात म्हणून लिहितोय.

मराठी पुस्तकांखालचे तारे मी बघत नाही. अहो रूपम् अहो ध्वनिः. उंट गाढवाच्या गळ्याचं कौतुक करतो, गाढव उंटाच्या रूपाचं. मी स्वतः एका लेखकांच्या ग्रुपात होतो. तिथं दर शुक्रवारी यादी लागायची, कोणी कोणाला तारे द्यायचे. पुस्तक उघडायची अट नव्हती. त्या पंचवीस पाच-ताऱ्यांपेक्षा तुमच्या त्या बाईंचे दोन वजनदार आहेत. काढू नका.

शाईकागद

मास्तर, तुमचा सातवा फर्मा दोनदा लागलाय आणि आठवा राहिलाय. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी केलेली पानं. तुमच्या पुस्तकात सोळा पानांचा एक फर्मा, सहा फर्म्यांची ९६ पानं, सातवा ९७ ते ११२, आठवा ११३ ते १२८. पुस्तक तेरा फर्म्यांचं. बाईंनी पानांचे आकडे इतके नेमके दिलेत की मला इथं बसून चूक कुठं झाली ते दिसतंय.

छापलेले कागद घडी करून फर्म्यांचे ढीग ओळीनं मांडतात आणि प्रत्येकातला एकेक उचलत पुस्तक जुळवतात. आठव्याच्या जागी चुकून सातव्याचा ढीग येऊन पडला की पुढची सगळी पुस्तकं तशीच, कुणाच्या लक्षात येईपर्यंत. तुमच्याकडं साधारण तिसरा हिस्सा बिघडलाय म्हणजे दुपारच्या चहानंतर केव्हातरी झालं असणार. हे पकडायला सोय असते. फर्म्याच्या घडीच्या पाठीवर एक काळी खूण छापतात, प्रत्येक फर्म्याला आधीच्यापेक्षा थोडी खाली. नीट जुळलेल्या गठ्ठ्याच्या पाठीवर जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखं दिसतं. एक पायरी दोनदा आली की लांबूनच कळतं. पण हे बघायचं ते पाठ घासून डिंक लावायच्या आधी. नंतर खुणा गेल्या.

तुमच्याकडं एक तर खुणा टाकल्या नसणार किंवा बघितल्या नसणार. दोन्हीत चूक बाइंडिंगची आहे, भरपाई मागा. आणि पुढच्या वेळी गठ्ठा ताब्यात घेताना वरची प्रत चाळून समाधान मानू नका, मधल्या दहा-बारा काढून बघा. वरची प्रत नेहमी बरोबरच असते.

कीबोर्डकर

माझी तीन ई-पुस्तकं आहेत, ॲमेझॉनच्या किंडलवर. मराठी तिथं डिसेंबर २०१६ मध्ये आली, मी दोन वर्षांनी उतरलो. त्यामुळे ह्या ताऱ्यांच्या शेतात थोडी नांगरणी झाली आहे.

मुलाला सांगा, पंचवीस जण गोळा करू नको. ॲमेझॉनपुरतं बोलायचं तर घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी अभिप्राय द्यायला तिथं मनाईच आहे, भाच्याचे पाच तारेही त्यात येतात. पैसे किंवा भेटवस्तू देऊन लिहून घ्यायलाही मनाई. पुस्तकाची फुकट प्रत देता येते, पण 'त्या बदल्यात लिहा' अशी अट घालता येत नाही. लिहिलं तर लिहिलं, वाईट लिहिलं तरी तुमचं काही म्हणणं नाही, असं असलं तरच चालतं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनंही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलंय. ऐच्छिक आहे. पण विकत घेतलेले अभिप्राय ही नुसती चहाटळकी नाही, ग्राहकाची फसवणूक आहे, हे त्यामागचं म्हणणं मला पटतं.

दुसरी गोष्ट, वर दिसतो तो ताऱ्यांचा आकडा साधी सरासरी नसते. अभिप्राय किती ताजा, खरेदी पडताळलेली आहे का, असं बरंच बघून तो काढतात. म्हणजे पंचवीस ढकलून दोनाला बुडवायचं गणित तसंही जुळेल असं नाही. आणि २०१९ पासून एक शब्दही न लिहिता नुसतं बोट टेकवून तारे देता येतात. माझ्या दुसऱ्या पुस्तकाला ३४ जणांनी तारे दिलेत, शब्द फक्त पाच जणांनी. उरलेल्या एकोणतिसांना काय आवडलं, काय खटकलं, मला मरेपर्यंत कळणार नाही.

किंडल अनलिमिटेड, म्हणजे वाचकानं वर्गणी भरून वाचायची योजना, त्यात लेखकाला पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात. सकाळी उठून मी आलेख बघतो. काल २१६ पानं वाचली गेली. कोणी? एकानं सगळं की बारा जणांनी अठरा-अठरा पानं वाचून सोडलं? दिसत नाही. रात्री खिडकीबाहेर पावलं वाजावीत आणि माणूस दिसू नये तसं. म्हणून म्हणतो, तुमच्या त्या बाईंनी खिडकीवर टकटक केली आहे. काच उघडा.

डबलबेल

कीबोर्डकर साहेब, वस्तीच्या गाडीत काचेवर टकटक म्हणजे काय ते मला विचारा. झोपमोड होते म्हणून शिव्या घालत उठायचं, आणि बाहेर बघावं तर बाळंतीण बाई घेऊन चार माणसं उभी.

भाच्याला फोन केला, काढतो म्हणाला. थोडा रागावलाय.

शाईकागद, हे पायऱ्यांचं कुणी सांगितलंच नव्हतं. तिकिटांचे गठ्ठे मी नंबर लावून मोजून घ्यायचो, एक सुटलं तर पगारातनं कापायचे. स्वतःच्या पुस्तकाला मात्र वरची प्रत बघून सही केली.

इसारकाठची

मी म्युनिकहून. मराठी पुस्तक इथं मागवायचं तर टपालाचा खर्च पुस्तकाच्या कितीतरी पट होतो. वर्षातून एकदा भारतात येते तेव्हा वीस-बावीस किलोच्या बॅगेत सात-आठ पुस्तकं बसतात, चिवडा-चकलीशी भांडून. ती सात-आठ निवडायची कशावरून? प्रकाशकाचं नाव असलं तर थोडा अंदाज येतो. तुमच्यासारख्या स्वतंत्र लेखकाचं पुस्तक असलं तर माझ्यापाशी अनोळखी वाचकाच्या चार ओळींशिवाय दुसरं काही नसतं.

आणि त्या ओळी असतात कशा? 'अप्रतिम.' 'वाचनीय.' 'संग्रही असावे असे.' 'लेखकास पुढील वाटचालीस शुभेच्छा.' अहो, लग्नाचा आहेर आहे का हा? टाइप बारीक आहे का, शुद्धलेखनाच्या चुका किती, कोकणातलं आहे की देशावरचं, विनोदी की रडवणारं, आईला वाचून दाखवता येईल का, काहीतरी सांगा की! तुमच्या त्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायात मला कळलं की यात घाट आहे, म्हातारी आहे, कोंबडी आहे, भाषा चांगली आहे आणि लेखकाला उपदेशाची सवय आहे. छपाई दुरुस्त झाली असेल तर मी हे पुस्तक घेईन. 'मामा ग्रेट' वाचून घेतलं नसतं.

रात्रपाळी

मी प्रतिलिपी या ऑनलाइन कथांच्या ॲपवर लिहिते. कथामालिका, रोज एक भाग, रात्री मुलं झोपल्यावर. माझी अडचण डबलबेलकाकांच्या उलटी आहे. माझ्याकडे अभिप्रायांचा पाऊस. 'पुढचा भाग कधी?' 'ताई भाग मोठे टाका.' 'नायिकेला एवढं रडवू नका.' एका भागाखाली ४०० प्रतिक्रिया आल्या होत्या, त्यातल्या साडेतीनशे 'पुढचा भाग लवकर' याच.

नशा असते ती. खोटं कशाला बोलू. एकदा सासूचं पात्र मारायचं ठरवलं होतं, वाचकांनी इतका आकांत केला की तिला आयसीयूतून परत आणली. कथा तिथेच मेली, सासू जगली.

पण त्याच ढिगात एक प्रतिक्रिया होती. परिचारिका असाव्यात. त्यांनी लिहिलं, "ताई, तुम्ही दाखवलंय तसं सलाईन संपल्यावर लगेच शिरेत हवा जाऊन माणूस मरत नाही. आणि रात्री दोन वाजता वॉर्डात इतकी शांतता कधीच नसते. कोणीतरी कण्हत असतं, कोणाचातरी नातेवाईक घोरत असतो." त्या दिवसापासून मी हॉस्पिटलचा प्रसंग लिहिताना आधी तो घोरणारा नातेवाईक बसवते, मग बाकीची माणसं. चारशेतली ती एक. पण उरलेल्या ३९९ नसत्या तर मी त्या रात्री लिहायला बसलेच नसते, हेही खरं.

खवट

सासूला वाचकांच्या मतदानानं जिवंत करणं याला साहित्य म्हणतात होय? चालू द्या.

रात्रपाळी

तुम्ही काय लिहिता ते सांगा, मग ठरवू.

खवट

मी वाचतो. तेही एक काम असतं, मानधन नसलेलं.

ग्रंथपाल_ब_वर्ग

तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय सांभाळते. आमच्याकडे अभिप्राय फार जुना प्रकार आहे, फक्त तो पेन्सिलीनं लिहिलेला असतो. रहस्यकथेच्या दहाव्या पानावर 'खुनी नोकर आहे, वेळ घालवू नये'. शेवटच्या पानावर 'बकवास', त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'तुम्हाला कळले नाही', त्याखाली तिसऱ्या अक्षरात 'दोघांनीही ग्रंथालयाचे पुस्तक खराब केले'. दर उन्हाळ्यात खोडरबर घेऊन बसते मी, पण काही शेरे खोडवत नाहीत.

खरा अभिप्राय म्हणाल तर पुस्तकाच्या मागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. ती भरून दुसरी चिकटवावी लागली की समजायचं. मोठ्या पुरस्कारांच्या काही पुस्तकांवर चार शिक्के आहेत, आणि एका शिक्षकानं स्वतः छापलेल्या विहिरींवरच्या पुस्तकावर तिसरी चिठ्ठी चालू आहे. त्याची एकच प्रत होती. पहिल्या वाचकानं, आमच्याकडे रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त तलाठी आहेत त्यांनी, परत करताना काउंटरवर मोठ्यानं सांगितलं, "आपल्या बारवेचं पान ४० वर आहे." झालं. त्या दिवशी मागणीच्या वहीत सहा नावं.

लेखक मंडळी विचारतात, वाचनालयानं आमचं पुस्तक का घेत नाही? अनुदान तुटपुंजं, आणि ज्याचं नावच कोणी घेतलेलं नाही ते घेऊन काय सांगणार समितीला? मागणीच्या वहीत दोन नावं असली तरी माझा हात बळकट होतो. म्हणून सगळ्यांना सांगते, आवडलेल्या स्वतंत्र लेखकाचं नाव आपापल्या वाचनालयाच्या वहीत लिहा. ताऱ्यांपेक्षा ते लवकर पोचतं.

जुनीवही

अवांतर वाटेल, पण थोडं मागे जाऊ.

मराठीत पुस्तकाचं परीक्षण ही चैन नव्हती. 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक १८६७ मध्ये निघालं आणि नव्या पुस्तकांची दखल हे त्याचं मोठं काम होतं. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' आली, त्यांच्या लेखणीला तर लोक टरकून असत. जोतीराव फुल्यांच्या लेखनाची त्यांनी व्याकरणावरून टर उडवली. तिथं व्याकरणाचे तारे कापले गेले आणि मजकुराकडे डोळेझाक झाली. फुले आज घरोघरी वाचले जातात, तेव्हा समीक्षकाच्या शिक्क्यावर पुस्तकाचं आयुष्य ठरतं असं मानायचं कारण नाही.

पुढं नियतकालिकांत एक सदर रूढ झालं, 'साभार पोच'. आलेल्या पुस्तकांची नुसती यादी. पुस्तक, लेखक, पृष्ठं, किंमत. परीक्षणासाठी दोन प्रती पाठवा असा दंडक असे. माझ्या वडिलांनी १९८० च्या सुमारास स्वतः एक कवितासंग्रह छापला होता. नऊ ठिकाणी दोन-दोन प्रती पाठवल्या. सात ठिकाणी 'साभार पोच'मध्ये एक ओळ आली, परीक्षण एकही नाही. त्या सातही कात्रणांना त्यांनी डिंक लावून एका वहीत ठेवलं होतं. एका ओळीत त्यांचं नाव चुकलं होतं, ती त्यांनी हातानं दुरुस्त केली होती. माझ्या आयडीतली जुनी वही ती.

आता वर्तमानपत्रात परीक्षणाची जागा आक्रसत गेली. त्यामुळे ऑनलाइनच्या चार ओळी हीच आजची परीक्षणं. त्या लिहिणाऱ्यांना ते माहीत नाही, इतकंच.

भीतभीत

पहिलीच प्रतिक्रिया आहे, म्हणून आयडी असा.

मी खूप वाचते, पण कधीच लिहीत नाही. एक तर समीक्षा म्हणजे 'आशयघन', 'बहुपेडी' असे शब्द यायला हवेत असं वाटतं, ते मला येत नाहीत. दुसरं म्हणजे लेखक छोटा असला की वाईट लिहायला जीव होत नाही. मोठ्या लेखकाला काय फरक पडणार, पण ज्यानं स्वतःचे पैसे घालून छापलंय त्याला 'मधली साठ पानं कंटाळवाणी आहेत' कसं सांगायचं? मग मी गप्प बसते. गेल्या वर्षी असं एका बाईंचं पुस्तक वाचलं, सगळं आवडलं, फक्त शेवट नाही. शेवट आवडला नाही म्हणून काहीच लिहिलं नाही. हा धागा वाचून वाटतंय, त्यांच्या पानावर अजूनही शून्य अभिप्राय असतील आणि त्या मोजत असतील.

कीबोर्डकर

भीतभीत, मोजत असतात. शंभर टक्के. 'शेवट सोडून सगळं आवडलं' एवढंच लिहा. बहुपेडी नको.

ई-साहित्य प्रतिष्ठानची फुकट पुस्तकं उतरवून घेतलीत कधी? तिथं पुस्तकाचे पैसे नसतात, पण वाचून झाल्यावर लेखकाला फोन किंवा मेल करून मत सांगा अशी विनंती असते. तेच मोल. माझं पहिलं पुस्तक तसंच गेलं होतं. अकोल्याहून एका आजोबांचा फोन आला, "नमस्कार, तुमच्या कथेतला आंब्याचा मोहोर आषाढात कसा काय?" मी शहरातला, मला काय ठाऊक. आजही कॅलेंडर बघूनच झाडाला फुलवतो.

मुक्कामपोस्ट

म्हातारी?

शाईकागद

मास्तर, काय झालं पुढं? आणि ज्यांना पानं पाठवायची त्यांच्यासाठी सूचना. टपालाची रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, पण १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. तुमचं पुस्तक त्यात बसतं का ते काउंटरवर विचारा. नुसता फर्मा तर पाकिटातही जाईल.

डबलबेल

उशिराबद्दल माफी. बारा दिवस फिरतीवर होतो, पुस्तकाच्याच कामाला.

छापखान्यात गेलो. मालकांनी आधी ऐकून घेतलं नाही, मग मी ५१ प्रती टेबलावर मांडल्या. आठवा फर्मा दोनशे प्रती छापून दिला, पैसे घेतले नाहीत. दुकानातल्या उरलेल्या प्रती परत मागवल्या, ज्यांनी घेतल्या होत्या त्यांना दुकानामार्फतच सुट्टी पानं पाठवली, सोबत चिठ्ठी. अभिप्राय काढायला सांगितलं नाही.

मग गावातल्या लोकांकडं निघालो, पिशवीत फर्मे घेऊन. "तुमच्या प्रतीत ११३ पान आहे का बघायला आलोय." मंडळी, सांगू नये पण सांगतो. ज्यांनी 'दोनदा वाचलं' म्हणून सांगितलं होतं त्यांच्या कपाटातनं पुस्तक निघालं ते प्लास्टिकच्या वेष्टनात. एका घरी ते सापडलंच नाही, मग नातवानं सांगितलं टीव्हीच्या पायाखाली आहे. मीही ओशाळलो, तेही ओशाळले. चहा झाला. कुणाला दोष देत नाही. पेढा खाल्ला म्हणून पुस्तक वाचायचं कर्ज थोडंच होतं.

शेवटी माझ्या ड्रायव्हरकडं गेलो. अकरा वर्षं एका गाडीवर होतो आम्ही. त्याचं पुस्तक खाटेवर उशाशी, मधेमधे बिडीच्या थोटकांच्या खुणा. त्याची प्रत चुकीची होती. विचारलं, "अरे, सोळा पानं दोनदा आलीत, तुला कळलं नाही?" तर म्हणाला, "कळलं की. मला वाटलं मुद्दाम परत सांगितलंयस. तुझी सवयच हाय ती."

पुस्तक सुरुवातीपासनं शेवटपर्यंत वाचलेला गावातला एकच माणूस, आणि त्याला माझा दोष बिनताऱ्यांचा ठाऊक होता.

उपदेशाचं म्हणाल तर सगळ्या प्रकरणांचे शेवट काढून वाचून बघितले. चौदापैकी अकरांच्या शेवटी मी भाषण ठोकलंय. खोडले.

आणि परवा त्या बाईंनी अभिप्राय बदलला. आता तीन तारे. देतो:

"लेखकाकडून सोळा पानं मिळाली, आभार. म्हातारी घाटात सुखरूप उतरली. पण हे प्रकरण घाईत गुंडाळलं आहे. पान १०९ वर कोंबडी सीटखाली पाय बांधून ठेवली होती. म्हातारी उतरताना तिच्या हातात फक्त गाठोडं आहे. कोंबडीचं काय झालं?"

मुक्कामपोस्ट

म्हातारी उतरली! बारा दिवसांनी जीव भांड्यात पडला.

पण खरंच, कोंबडीचं काय झालं?

इसारकाठची

काय वाचलंय बाईंनी! मी पुस्तक घेतेय, दुसरी आवृत्ती निघाली की कळवा. आईच्या पत्त्यावर.

भीतभीत

मी वर सांगितलेल्या त्या लेखिकेच्या पुस्तकाखाली काल लिहिलं. चार ओळी. शेवट आवडला नाही तेही लिहिलं. रात्री अकराला लिहिलं आणि सकाळपासून सतरा वेळा जाऊन बघितलं, जसं काही मीच पुस्तक छापलंय.

खवट

मास्तर, विषय बदलू नका. घाट रात्री नऊला लागला, वस्तीचा गाव पुढं, डेपो लांब. गाडीत तुम्ही, ड्रायव्हर आणि सीटखाली विसरलेली कोंबडी. प्रकरण उगाच नाही गुंडाळलं. खाल्लीत ना?

डबलबेल

ते प्रकरण छपाईला द्यायच्या आदल्या रात्री उरकलं होतं, एवढं कबूल करतो. म्हातारी पुढच्या आठवडी बाजारी परत गाडीत बसली होती, तेही त्यात लिहायचं राहिलं. तिनं तिकीट घेताना मला काय विचारलं, ते तर कुणालाच सांगितलेलं नाही. ड्रायव्हरलासुद्धा.

काल वही उघडलीय. बाकी दुसऱ्या आवृत्तीत.

खवट

एक प्रत माझ्या नावावर लिहा. विकत. सप्रेम भेट नको.